मिटवलेला तंटा आणि झाकलेला तंटा : भारत-नेपाळ संबंधांचा धडा

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा, थोडा संक्षेप करून तयार केलेला पाठ)



परराष्ट्र धोरणाचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा पाकिस्तान, चीन आणि अमेरिका यांच्याभोवतीच फिरत राहते. नेपाळची आठवण होते ती भूकंप झाला, राजवाड्यात हत्याकांड घडले किंवा काठमांडूच्या रस्त्यांवर भारतविरोधी घोषणा झाल्या म्हणजे. मग दोन दिवस 'कृतघ्न शेजारी' असा सूर लागतो आणि तिसऱ्या दिवशी सारे विसरले जाते. आज मी या शेजाऱ्याविषयी बोलणार आहे, कारण दोन देशांचे ताणलेले संबंध कसे दुरुस्त होतात आणि कसे होत नाहीत, हे समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण आपल्या शेजारात नाही. १९८९, २०१५ आणि २०२० अशा तीन वेळा हे संबंध तुटेपर्यंत ताणले गेले. माझ्या मते यांपैकी पहिला तंटा मिटवला गेला. पुढचे दोन नुसते झाकले गेले. मिटवणे आणि झाकणे यांतला फरक हाच माझ्या भाषणाचा विषय आहे.

नेपाळ आपल्यापासून दूर आहे, असे महाराष्ट्रात बसून कोणी समजू नये. रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागांत राखणीला असलेला माणूस, कोकणातल्या मच्छीमार नौकांवरचा खलाशी, मुंबई-पुण्यातल्या इमारतीचा रखवालदार, हॉटेलच्या भटारखान्यातला आचारी, यांपैकी कितीतरी जण नेपाळचे आहेत. त्यांना इथे यायला व्हिसा लागत नाही, राबायला कामाचा परवाना लागत नाही. ही काही आपल्या मनाची उदारता नव्हे. १९५० च्या भारत-नेपाळ शांतता व मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना परस्परांच्या भूमीवर राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापार करण्याची आणि फिरण्याची समान मुभा दिली आहे. तेव्हा सुरुवात या करारापासूनच केली पाहिजे.

विषम सह्यांचा करार

३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत या करारावर सह्या झाल्या. नेपाळच्या वतीने पंतप्रधान मोहन शमशेर राणा यांनी सही केली. भारताच्या वतीने सही केली ती आपले राजदूत चंद्रेश्वर प्रसाद नारायण सिंह यांनी. एका देशाचा पंतप्रधान आणि दुसऱ्या देशाचा राजदूत! सह्यांतली ही विषमता नेपाळी माणूस अजून विसरलेला नाही. शिवाय करार केला तो लोकांना न विचारणाऱ्या राणाशाहीने, आणि तिची निरंकुश सत्ता पुढच्या सात महिन्यांच्या आत संपुष्टात आली. नेपाळने शस्त्रे कशी आणावीत यासंबंधी करारासोबत जी पत्रे दिली-घेतली गेली, ती १९५९ पर्यंत लोकांपुढे आली नव्हती. लोकशाही आल्यानंतर नेपाळने या कराराकडे संशयाने पाहिले, याचे नवल वाटण्याचे कारण नाही.

पण याच कराराच्या दहाव्या कलमाप्रमाणे कोणताही एक पक्ष वर्षाची आगाऊ सूचना देऊन करारातून बाहेर पडू शकतो. इतकी वर्षे करारावर टीका करूनही काठमांडूतल्या एकाही सरकारने ही सूचना दिलेली नाही. कारण उघड आहे. करार संपला तर खुली सीमा आणि लक्षावधी नेपाळी कष्टकऱ्यांची रोजी-रोटी हे दोन्ही प्रश्न त्याच दिवशी उभे राहतील. नेपाळला करारातील अपमान नको आहे आणि करारातील सवलत हवी आहे. दिल्लीला करारातील सुरक्षिततेची हमी हवी आहे आणि फेरविचाराची कटकट नको आहे. दोन्ही बाजूंच्या या अप्रामाणिकपणावर हे संबंध उभे आहेत.

आता थोडे अर्थशास्त्र. नेपाळच्या पूर्वेला, पश्चिमेला आणि दक्षिणेला भारत आहे. उत्तरेला हिमालय आणि त्यापलीकडे चीन. त्याच्या परकीय व्यापारापैकी सुमारे दोन तृतीयांश व्यापार एकट्या भारताशी चालतो. नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून भारतीय रुपयाशी बांधलेला आहे. आपल्या १ रुपयाला त्यांचे १ रुपया ६० पैसे. वीरगंजहून कोलकाता बंदर रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटर आहे, तर चीनचे तियांजिन बंदर ३,००० किलोमीटरांहून अधिक दूर. म्हणजे समुद्राकडे जाणारी नेपाळची व्यवहार्य वाट एकच, आणि ती आपल्या अंगणातून जाते.

मक्तेदाराने किंमत प्रत्यक्ष वाढवलीच पाहिजे असे नाही. तो वाटेल तेव्हा वाढवू शकतो, एवढ्या जाणिवेनेच गिऱ्हाइकाचे वागणे बदलते. ते दुसरे दुकान शोधू लागते. ते दुकान लांब असले, महाग असले, तरीही शोधते. नेपाळ चीनकडे पाहतो त्याचा अर्थ आपल्याकडे 'चीनच्या कह्यात गेला' असा लावला जातो. माझ्या मते तो विम्याचा हप्ता आहे. आणि धोका जितका मोठा वाटतो तितका हप्ता भरायची तयारी वाढते, हे विम्याचे साधे तत्त्व आहे.

१९८९ : तंटा कसा मिटला

समुद्र नसलेल्या देशाशी दोन प्रकारचे व्यवहार असतात. एक, त्याच्याशी आपला व्यापार. दुसरा, पारगमन, म्हणजे तिसऱ्या देशाकडे जाणारा-येणारा त्याचा माल आपल्या भूमीवरून नेऊ देणे. व्यापार हा सौदा आहे. त्यात घासाघीस चालते, सवलत देता येते, काढूनही घेता येते. पारगमन हा मात्र हक्क आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या कराराने तो मान्य केला आणि भारताने त्या कराराला १९९५ मध्ये मान्यता दिली. त्याच्याही आधी, १९७८ साली, मोरारजी देसाई यांच्या सरकारने नेपाळशी व्यापार आणि पारगमन यांचे दोन निराळे करार करून हे तत्त्व व्यवहारात आणले होते.

१९८८ मध्ये या करारांची मुदत संपली. काही काळ ती वाढवून दिली गेली. दरम्यान नेपाळने चीनकडून विमानवेधी तोफा घेतल्या होत्या, आणि भारतीयांना कामाचे परवाने घेण्यास लावले होते. दिल्लीची इच्छा पुन्हा एकच करार करण्याची होती, काठमांडूची दोन ठेवण्याची. २३ मार्च १९८९ रोजी करार संपुष्टात आले आणि भारताने दोन नाकी वगळून बाकीची नाकी बंद केली. नेपाळात इंधनाचा दुष्काळ पडला. चूल पेटवण्यासाठी जंगलावर कुऱ्हाड चालली. तोफा विकत घेतल्या होत्या राजाच्या सरकारने. शिक्षा मिळाली रॉकेलच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला.

हा तंटा मिटला कसा? डिसेंबर १९८९ मध्ये दिल्लीत सरकार बदलले. एप्रिल १९९० मध्ये नेपाळच्या जनआंदोलनाने निर्पक्ष पंचायत व्यवस्था संपवली. जून १९९० मध्ये हंगामी पंतप्रधान कृष्णप्रसाद भट्टराई दिल्लीला आले. दोन्ही सरकारांनी संयुक्त निवेदन काढून १ एप्रिल १९८७ रोजी जी स्थिती होती ती पुन्हा आणण्याचे ठरवले. या तारखेत सारे मर्म आहे. ती निवडल्यामुळे दोघांनाही माघार घ्यावी लागली आणि कोणालाही शरणागती पत्करावी लागली नाही. पुढे डिसेंबर १९९१ मध्ये व्यापार आणि पारगमन यांचे दोन स्वतंत्र करार झाले. ज्या मुद्द्यावर भांडण पेटले होते, तो मुद्दाच लेखी स्वरूपात निकालात निघाला. त्यानंतर करारांच्या मुदती पुन्हा पुन्हा आल्या आणि नूतनीकरणेही झाली. पारगमनाचा सुधारित करार १ जून २०२३ रोजी झाला. पण मुदत संपली म्हणून नाकी बंद पडली, असे १९८९ नंतर घडलेले नाही.

नाकेबंदीमुळेच पंचायत व्यवस्था कोसळली, म्हणजे ते धोरण यशस्वी झाले, असे काही जण सांगतात. नाकेबंदीने राजवटीची कोंडी झाली, हे मी नाकारत नाही. परंतु राजवट पाडली ती नेपाळी जनतेने, स्वतःच्या रक्ताने. आणि संबंध सुधारले ते नाकेबंदी केल्यामुळे नव्हे, ती उठवून तिचे कारण दूर केल्यामुळे.

आणखी एक गोष्ट त्या वेळी उपयोगी पडली. दोन्हीकडच्या लोकशाहीवादी कार्यकर्त्यांची एकमेकांशी ओळख होती. १९४३ साली नेपाळच्या तराईत पकडल्या गेलेल्या जयप्रकाश आणि लोहिया यांना हनुमाननगरच्या कैदेतून सोडवले गेले, ही हकिकत आपल्यातल्या जुन्यांना ठाऊक आहे. १९४९ मध्ये राणाशाहीविरुद्ध दिल्लीत निदर्शने केली म्हणून स्वतंत्र भारताच्या सरकारने लोहियांना अटक केली होती. विश्वेश्वरप्रसाद कोइराला आपल्या स्वातंत्र्यलढ्यातून घडले आणि पुढे राजाने हाकलल्यावर वर्षानुवर्षे भारतात राहिले. जानेवारी १९९० मध्ये नेपाळी काँग्रेसने आंदोलनाची हाक दिली, तेव्हा काठमांडूच्या त्या मेळाव्यात चंद्रशेखर हजर होते. या ओळखीमुळे दिल्लीत बोलणाऱ्यांना समोरच्याच्या मनातले भय कळत होते. पुढे ही पिढी गेली आणि नेपाळचा प्रश्न उत्तरोत्तर सचिवालये आणि गुप्तचर संस्था यांच्या हाती गेला.

२०१५ आणि २०२० : तंटा कसा झाकला

ऑगस्ट २०१४ मध्ये १७ वर्षांनी भारताचे पंतप्रधान द्विपक्षीय भेटीसाठी नेपाळला गेले. तिथे त्यांचे प्रचंड स्वागत झाले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे ९,००० माणसे दगावली, तेव्हा भारताची मदत काही तासांत पोहोचली. इतकी सदिच्छा क्वचितच साठते. ती पाच महिन्यांत संपली.

२० सप्टेंबर २०१५ रोजी नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. प्रांतांच्या सीमा, प्रतिनिधित्व आणि नागरिकत्व यांविषयी तराईतल्या मधेसी आणि थारू जनतेच्या तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. घटना जाहीर होण्यापूर्वीच्या आंदोलनात चाळीसहून अधिक माणसे मारली गेली होती. भारताने आपली नाराजी लपवली नाही. घटना जाहीर झाल्यानंतर तीन दिवसांत सीमेवरची वाहतूक थंडावली आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत नेपाळ इंधन, गॅस आणि औषधे यांसाठी तळमळत राहिला. भारत सरकारने नाकेबंदी केल्याचे कधीच मान्य केले नाही. आंदोलकांमुळे ट्रक जाऊ शकत नाहीत, एवढेच सांगितले. रक्सौल-वीरगंजच्या पुलावर आंदोलक बसले होते हे खरेच. पण नेपाळात कोणाचाही त्या खुलाशावर विश्वास बसला नाही.

यात सर्वांत मोठी हानी मधेसींची झाली. त्यांची मागणी न्याय्य होती. तिला दिल्लीचा आधार आहे असे दिसताच ती परक्यांची मागणी ठरली. हक्कासाठी लढणाऱ्या माणसाला 'हस्तक' म्हणण्याची सोय आपण डोंगराळ नेपाळच्या सत्ताधाऱ्यांना आयती करून दिली. शेजारच्या देशातील दुर्बलांना मदत करू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की बलवान बाहेरच्याचा हात खांद्यावर पडला, तर दुर्बल आतून आणखी दुर्बल होतो.

मार्च २०१६ मध्ये पंतप्रधान ओली बीजिंगला गेले आणि त्यांनी चीनशी पारगमनाचा करार केला. त्या वाटेने व्यापार फारसा होणार नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. विम्याचा हप्ता तो हाच.

मग दुरुस्तीचा प्रयत्न झाला, आणि तो चांगला प्रयत्न होता. १९५० च्या करारासह सर्व संबंधांचा फेरविचार करण्यासाठी २०१६ मध्ये दोन्ही देशांच्या चार-चार मान्यवरांचा गट नेमला गेला. भारताच्या बाजूचे प्रमुख होते भगतसिंह कोश्यारी, जे पुढे २०१९ ते २०२३ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. नेपाळच्या बाजूचे प्रमुख होते भेखबहादुर थापा. दोन वर्षे काम करून जुलै २०१८ मध्ये या आठ जणांनी एकमताने एकच अहवाल तयार केला. भारत आणि नेपाळ यांची माणसे एका कागदावर एकमताने सही करतात, ही घटना लहान नव्हे. परंतु दोन्ही पंतप्रधानांना सादर करावयाचा तो अहवाल भारताच्या पंतप्रधानांनी स्वीकारला नाही. वर्षामागून वर्षे लोटली आणि अहवाल बासनात राहिला. अमान्य करायचा तर अहवाल हातात घेऊन अमान्य करता येतो. हातातच न घेणे याचा अर्थ नेपाळात 'आम्हाला तुमच्याशी बोलायचे नाही' असाच झाला.

झाकलेला तंटा २०२० मध्ये वर आला. १८१६ च्या सुगौली तहाने काली नदी ही नेपाळची पश्चिम सीमा ठरली. नदीचा उगम कोठे धरायचा, लिंपियाधुराला की कालापानीजवळ, यावर मतभेद आहे. भारताच्या बाजूने जुन्या प्रशासनाचे आणि प्रत्यक्ष ताब्याचे पुरावे आहेत. नेपाळच्या बाजूने जुने नकाशे आणि महसुलाचे कागद आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने नवा राजकीय नकाशा काढला. ८ मे २०२० रोजी लिपुलेखच्या रस्त्याचे उद्घाटन झाले. नेपाळने चर्चा मागितली. कोविडची साथ ओसरल्यावर पाहू, असे उत्तर मिळाले. त्याच सुमारास आपले लष्करप्रमुख जनरल मनोज नरवणे यांनी नेपाळ कोणा दुसऱ्याच्या सांगण्यावरून हे करीत असावा, अशा आशयाचे विधान केले. ते काठमांडूला फार झोंबले. जूनमध्ये नेपाळच्या प्रतिनिधिसभेने लिंपियाधुरा, लिपुलेख आणि कालापानी दाखवणारा नवा नकाशा एकमताने घटनेत घातला. त्याला मधेसी पक्षांनीही पाठिंबा दिला. राज्यघटनेत गेलेला नकाशा कोणत्याही सरकारला सहजासहजी मागे घेता येत नाही. चर्चेची वेळ टाळल्याची ही किंमत आहे.

यानंतर भेटीगाठी सुरू झाल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये जनरल नरवणे काठमांडूला गेले आणि जुन्या प्रथेप्रमाणे नेपाळी सेनेचे मानद सेनापतिपद त्यांना अर्पण करण्यात आले. ही प्रथा सुंदर आहे आणि त्या भेटीने वातावरण निवळले, यात शंका नाही. पण नकाशाचा प्रश्न होता तिथेच राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि चीन यांनी लिपुलेखमार्गे व्यापार पुन्हा सुरू करण्याचे ठरवताच नेपाळने निषेध नोंदवला. दरम्यान २०२२ मध्ये अग्निपथ योजना आणताना गुरख्यांच्या भरतीविषयी नेपाळला आधी विश्वासात घेतले गेले नाही आणि १९४७ च्या त्रिपक्षीय समझोत्यापासून चालत आलेली नेपाळातील भरती थांबली. खिंडार बुजवायचे सोडून त्यावर चादर टाकली की असेच होते.

दुरुस्ती कशी व्हावी

नकाशाचे वाद सुटतच नाहीत, असे कोणी म्हणू नये. बांगलादेशाशी सीमेचा करार १९७४ मध्ये झाला. त्याची अंमलबजावणी व्हायला ४१ वर्षे लागली, पण झाली. २०१५ मध्ये आपल्या संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली आणि १६२ वसाहतींची अदलाबदल झाली. भारताच्या वाट्याला क्षेत्र कमी आले, तरी आभाळ कोसळले नाही. नेपाळशी असलेल्या सीमेच्या सुमारे ९८ टक्के भागाच्या नकाशांवर दोन्हीकडच्या तज्ज्ञांचे एकमत झालेलेच आहे. उरले आहेत कालापानी आणि सुस्ता.

माझ्या सूचना चार आहेत. पहिली, मान्यवरांचा अहवाल दोन्ही सरकारांनी स्वीकारावा, प्रसिद्ध करावा आणि तो दोन्ही संसदांपुढे ठेवावा. दुसरी, १९५० च्या कराराचा फेरविचार बरोबरीच्या नात्याने व्हावा. दुसऱ्या बाजूची सुरक्षेची चिंता खरी आहे, हे नेपाळने मान्य करावे आणि कोणत्या सवलती ठेवायच्या, कोणत्या सोडायच्या, हे आपल्या जनतेला स्पष्ट सांगावे. निवडणूक आली की भारतविरोध काढायचा आणि ती संपली की दिल्लीची वारी करायची, हा खेळ राजा महेंद्रपासून चालत आलेला आहे आणि तो नेपाळच्या हिताचा नाही. तिसरी सूचना, सीमेच्या दोन वादांसाठी परराष्ट्र सचिवांच्या बैठकीची तारीख ठरवावी आणि ती पाळावी. चौथी, कोणत्याही राजकीय मतभेदासाठी पारगमन आणि जीवनावश्यक वस्तूंचा पुरवठा थांबवला जाणार नाही, असे लेखी वचन भारताने स्वतःहून द्यावे.

या चौथ्या सूचनेला मी सर्वाधिक महत्त्व देतो. हातातले शस्त्र आपण होऊन का टाकायचे, असे कोणी विचारील. कारण ते शस्त्र दोनदा चालवून झाले आहे, आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर घटना आपल्याला हवी तशी बदलली नाही. बदलले ते नेपाळचे मन.

सुदैवाने अर्थकारणाने अधिक चांगली वाट दाखवली आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही ६९ किलोमीटरची तेलवाहिनी सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १०,००० मेगावॉट वीज भारताने घेण्याचा करार झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून प्रथमच बांगलादेशाला गेली. आकडा लहान आहे, पण तत्त्व मोठे आहे. हेही पारगमनच आहे, विजेचे. आता दोघांनाही एकमेकांची गरज लागू लागली आहे, आणि परावलंबन दोन्ही बाजूंचे असले की त्याचे रूपांतर सहकार्यात होते. मात्र चिनी भांडवल किंवा ठेकेदार असलेल्या प्रकल्पांची वीज घ्यायची नाही, ही अट एकमेव मोठ्या गिऱ्हाइकाने घातली की जुने भय पुन्हा जागे होते. तिचीही चर्चा उघडपणे झाली पाहिजे. नद्यांचेही तसेच आहे. ऑगस्ट २००८ मध्ये कोसीचा बांध नेपाळातल्या कुसहाला फुटला आणि बुडाला तो मुख्यतः बिहार. पाण्याला सीमा ठाऊक नसते.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळच्या तरुणांनी भ्रष्टाचाराविरुद्ध आणि समाजमाध्यमांवरील बंदीविरुद्ध उठाव केला, सत्तरांहून अधिक जीव गेले, आणि ओली सरकार दोन दिवसांत कोसळले. त्या रस्त्यांवर उतरलेल्या वीस वर्षांच्या मुलाला जयप्रकाश ठाऊक नाहीत, हनुमाननगर ठाऊक नाही, १९९० चे संयुक्त निवेदन ठाऊक नाही. २०१५ साली तो दहा वर्षांचा होता. भूकंपात घर पडलेले आणि त्याच हिवाळ्यात घरात गॅस नसलेला, एवढा भारत त्याला आठवतो. पुढची ४० वर्षे नेपाळ चालवणार आहे ती ही पिढी. रोटी-बेटीचे नाते, सांस्कृतिक ऐक्य, पशुपतिनाथ आणि काशी, हे शब्द तिच्या कानांवर आपण कितीही घातले, तरी ती आधी एकच प्रश्न विचारणार : पुन्हा नाकी बंद करणार नाही ना? त्या प्रश्नाला 'नाही' असे लेखी उत्तर देण्याची हिंमत मोठ्या देशाने दाखवावी. संबंधांची खरी दुरुस्ती तिथून सुरू होईल.